तुझं तोरंजन कुणी खाल्लं

सावंतवाडी,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय बयो,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मला वाटलं विजेचं बिल आलं. पाकिटावरची परदेशी तिकिटं बघून आमच्या ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "फोनवर तास-तास बोलता, मग पत्र कशाला?" मी म्हटलं, फोनवर ती गप्पा मारते, जाब विचारायचा तर पत्र लिहिते. खोटं आहे का सांग! चार पानं लिहिलीस, त्यातली साडेतीन थंडीच्या तक्रारीची आणि शेवटी दोन प्रश्न. एक, सोबतच्या फोटोत जे काही आहे ते कोण? आणि दोन, माझ्या कुंडीतल्या तोरंजनाचं काय चाललंय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मनापासून देते. दुसऱ्याचंही देणार आहे, पण माझ्या सोयीने.

फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. डावीकडे तुझा अंगठा, उजवीकडे तुमच्या न्हाणीची भिंत, मागे शेरवडाची पांढरी पानं आणि मधोमध निळा-काळा एक फराटा. पाटीवरचं अक्षर ओल्या हाताने पुसावं तसा. तरी मी ओळखलं, कारण त्या दिवशी तुझ्या मागेच उभी होते. गणपतीचा दुसरा दिवस, पाऊस नुकताच थांबलेला, तू चुलीवरचं पातेलं तसंच टाकून "अगं बघ, अगं बघ" करत परसात धावलीस. वयाला न शोभेलसं धावलीस. ते शेरवडावरून जास्वंदीवर, जास्वंदीवरून गडग्यापलीकडे, आणि तू गडग्याला पोट टेकून उभी.

तो नीलवंत. इंग्रजी पुस्तकांत ब्लू मॉरमॉन.

तुला तो नीट दिसलाच नाही, म्हणून आधी त्याचं रूप सांगते. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे विड्याचं चांगलं मोठं पान डोळ्यांसमोर आण. रंग काळा, पण छत्रीचा काळा नव्हे; मखमलीचा, जवळून पाहिलं तर आत खोल जाणारा. पुढच्या पंखांवर शिरांच्या मधल्या जागेत निळ्या रेघा उतरत येतात, आणि मागच्या पंखांवर तोच निळा मोकळा पसरतो. अर्ध्याहून जास्त पंख निळा, त्यावर काळे गोल ठिपके. मोरपिशी नाही तो निळा, शाईचाही नाही. आपण शाळेत असताना गणवेशाच्या सदऱ्याला नीळ जास्त झाली की जो रंग यायचा ना, तो. मादीचा जरा फिका, राखाडीकडे झुकलेला. पंख मिटून बसला की खालची बाजू दिसते आणि तिथे पंखांच्या बुडाशी, अंगाला लागून, तांबडे ठिपके असतात. हे ठिपके मला फार उशिरा दिसले. वरून एवढा राजेशाही आणि आत कुंकवाची बोटं पुसल्यासारखी! त्याच्या भाऊबंदांपैकी बऱ्याच जणांना मागच्या पंखांना शेपट्या असतात. ह्याला नाहीत, कड नुसती नागमोडी.

आता तू म्हणशील, हे मॉरमॉन काय प्रकरण? मीही भाच्याला तेच विचारलं (तो प्राणिशास्त्र शिकतो, त्यामुळे हल्ली आमच्या घरात झुरळालाही लॅटिन नावाने हाक मारतात). तर गोष्ट अशी. अमेरिकेत मॉरमॉन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे, त्यांच्यात पूर्वी एका पुरुषाला अनेक बायका असत. १८९० मध्ये त्यांच्या चर्चने ती चाल अधिकृतपणे सोडली. इकडे हिंदुस्थानात फुलपाखरं गोळा करणाऱ्या साहेबांना कढीपत्त्यावर वाढणारं एक काळं फुलपाखरू सापडलं. त्याचा नर एकाच रूपाचा, मादी मात्र तीन रूपांची. एक नरासारखीच, आणि दोन चक्क दुसऱ्याच, विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. साहेबांना वाटलं, एक दादला आणि तीन बायका, झाला मॉरमॉन! त्या फुलपाखराला कॉमन मॉरमॉन नाव पडलं आणि त्याच्या गणगोतात म्हणून आपल्या निळ्यालाही ते चिकटलं. आपल्याची मादी एकाच तऱ्हेची. बिचाऱ्याचा काही संबंध नसताना बदनामी.

शास्त्रीय नाव त्याहून जुनं, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. क्रामर नावाच्या ॲम्स्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याने १७७५ साली ते दिलं. लोकरीचा व्यापार करायचा आणि जहाजांतून आलेली दूरदेशची सुकी फुलपाखरं रंगीत चित्रांसकट पुस्तकात छापायची, असा त्याचा संसार. मला गंमत वाटते ती ही की हे फुलपाखरू साऱ्या जगात फक्त आपल्या दक्षिण-पश्चिम भारतात, पूर्व किनाऱ्याच्या काही भागात आणि श्रीलंकेत आहे, आणि त्याचं बारसं केलं ते हॉलंडमधल्या माणसाने.

मराठी बारसं व्हायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी जूनमध्ये आपल्या सरकारने त्याला राज्यफुलपाखरू ठरवलं. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत पाचवं पान. देशात असं फुलपाखरू ठरवणारं पहिलं राज्य आपलंच. मग इतरांनी आपापली ठरवली. तेव्हा वर्तमानपत्रांत नाव आलं 'राणी पाकोळी'. मला ते काही पटलं नाही. एक तर पाकोळी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पक्षी येतो. वेंगुर्ल्याच्या समुद्रात ते खडक आहेत ना, त्यांच्या गुहांमध्ये घरटी करणारा. दुसरं असं की मनुष्यवस्तीजवळ, वाटेवर, पाणवठ्यावर दिमाख मिरवत जे भेटतात ते बहुतेक नर. त्यांना राणी म्हणायचं म्हणजे दशावतारातल्या राणीसारखं झालं! पुढे फुलपाखरांना मराठी नावं द्यायचं काम झालं त्यात 'नीलवंत' आलं. हे बरं आहे. पण आपल्या काकींना विचार, त्यांच्या लेखी सगळीच 'फुलपाखरां'. त्यांना त्या निळ्याचं कौतुक सांगितलं तर म्हणाल्या, "होयता, मोठा आसा तां," आणि तांदूळ निवडत राहिल्या.

राज्यफुलपाखरू झाल्यापासून त्याची चित्रं सगळीकडे दिसतात. सरकारी फलकांवर, वनखात्याच्या कॅलेंडरवर, शाळेच्या भिंतीवर. पंख सारखे पसरलेले, खाली एक टवटवीत फूल. मी तुला आता जे सांगणार आहे ते त्या चित्रांत कुठे नसतं.

व्हाळाकडे जायची आपली जुनी वाट आठवते? जिथे गुरं पाणी प्यायला उतरतात आणि चिखल होतो, तिथे मी या पावसाळ्यानंतर चार सकाळी जाऊन बसले. उन्हं दगडांवर आली, साधारण साडेनऊ-दहाचा सुमार, की एकेक उतरायला लागतात. आधी पिवळी-पोपटी छोटी, दहा-पंधरा एका ठिकाणी, सांडलेल्या पाकळ्यांसारखी. मग हिरव्यानिळ्या पट्ट्याची, फार चंचल ती. आणि मग वरून, पोफळींच्या मधून डुलत डुलत नीलवंत. एक गिरकी, दुसरी गिरकी, बसतोय असं वाटतं तेवढ्यात पुन्हा वर, आणि शेवटी कुठे बसला असेल? म्हशीने जिथे नुकतीच धार सोडली होती, बरोबर त्या जागी. आजूबाजूला स्वच्छ पाणी वाहतंय, ते नको. सोंड सोडली त्या ओल्या मातीत आणि पुढची दहा मिनिटं महाराज तिथून हलले नाहीत. पंख हळूहळू थांबले, मिटले, तांबडे ठिपके दिसायला लागले. मी इतकी जवळ सरकले की माझी सावली त्याच्यावर पडली, तरी ढिम्म.

भाचा म्हणतो, याचं कारण मीठ. फुलांच्या मधात साखर भरपूर, पण क्षार नाहीतच म्हटलं तरी चालेल, आणि अळीपणी खाल्लेल्या पाल्यातही ते फार थोडे. म्हणून नर ओल्या मातीतून, शेणामुतातून, घामातूनसुद्धा ते शोषतात. मिलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला जातो आणि तिच्यातून अंड्यांना. म्हणजे म्हशीच्या मुताजवळ बसलेला तो राजबिंडा तिथे बायकोसाठी आहेर जमवत होता. पाणी इतकं ओढतात की जास्तीचं मागच्या टोकाने थेंब थेंब बाहेर टाकतात. पुढून पिणं आणि मागून गळणं, एकाच वेळी. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिथे दगडावर एकटीच हसत बसले. फलकावरच्या चित्रात हे कसं काढणार!

तुझा फोटो का हलला तेही आता सांगते. तुझ्या हाताचा दोष नाही (थोडा आहे). हे लोक फुलावर बसून मध पीत नाहीत. पाय फुलावर टेकलेले असतात, पण पंख चालूच. सगळा भार फुलावर टाकतच नाहीत. एवढं मोठं अंग शेरवडाच्या इवल्याशा पिवळ्या फुलावर टाकलं तर देठच वाकायचा. शिवाय कुणी आलं तर पळायला एक पाय घराबाहेर. त्यामुळे फुलावरच्या नीलवंताचा फोटो हा निळा फराटाच येतो. ज्यांना नीट फोटो हवा असतो ते व्हाळावर जाऊन बसतात. कॅलेंडरवाल्यांनी फूल नंतर खाली काढलं असेल, मला दाट संशय आहे.

पिटकुळी, जास्वंद, घाणेरी, शेरवड, जिथे लांब नळीत मध आहे तिथे हा येणार. ऊन लागतं त्याला. ढग आला की झाडीत शिरतो, पानाखाली लटकून राहतो, आणि पाऊस गेला की पहिल्या उन्हात उंच पानावर पंख पसरून वाळवतो. उडणं मात्र विचित्र. तरंगतोय असं वाटतं, संथ, आळसट. पण धरायला जा, म्हणजे कळेल. एका झटक्यात वर, आडवा, झाडाआड. विषारी फुलपाखरं बघ, ती रमतगमत उडतात, त्यांना ठाऊक असतं की कुणी तोंड लावणार नाही. याच्याकडे ना विष, ना दुसऱ्याच्या विषाची नक्कल. आहे ती फक्त चपळाई. तुझ्या अंगणातल्या त्या मोनार्कचं उलटं. तो मिल्कवीडचा चीक खाऊन कडू झालेला, नारिंगी रंगाची दवंडी पिटत हजारो मैल मेक्सिकोला जातो म्हणून तू मागे लिहिलं होतंस. आमचा कुठे जात नाही. डोंगरातून खाली, व्हाळावरून बागेत, फार तर मुंबईत रहदारीच्या मधोमध एखादा चुकार दिसतो नि लोक सिग्नल सोडून वर बघतात.

बरं. आता तोरंजन.

फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा माझी रेंज गेली, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तर बयो, खरं काय ते लिहिते.

तुझं झाड तू गेलीस तेव्हा गुडघ्याएवढं होतं. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या माटवीला बांधलेल्या तोरंजनाची बी, तूच कुंडीत टोचलेली, आणि जाताना तूच मला म्हणालीस, "पाणी घाल, बाकी काही करू नकोस." मी काही केलं नाही. तिथेच चुकलं.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी पाणी घालताना पाहिलं तर पानांवर चिमण्यांनी घाण केलेली. चार ठिकाणी. काळपट, ओलसर, मध्ये पांढरा फराटा. मी तांब्यातलं पाणी मारलं, जाईना. काडीने खरवडणार तेवढ्यात मागून काकी आल्या, कमरेवर हात. "अगो, ती शीट नाय, अळी हा ती!"

आणि खरंच, त्या शिटेने डोकं वर केलं.

बयो, मी साठी ओलांडली, लिंबाच्या झाडाखाली वाढले, आणि आजवर मला हे माहीत नव्हतं. ही सगळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवरची फुलपाखरं लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेतात. पानाच्या वरच्या बाजूला, भर उजेडात बिनधास्त पडून राहायचं. कोण पक्षी आपलीच घाण खायला येणार? चकाकीसुद्धा तशीच, ओली. काडीने डिवचलं तर डोक्यामागून तांबूस दोन शिंगं झटकन बाहेर येतात, मऊ, सापाच्या जिभेसारखी, आणि सडक्या लिंबाचा वास सुटतो. मी डिवचलं. एकदाच. नंतर हात दोनदा धुतला तरी जेवताना वास येत होता.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, मारू नकोस, राज्यफुलपाखरू असू शकतं. म्हटलं, असू शकतं म्हणजे? तर म्हणे या वयात नक्की सांगता येत नाही, साध्या लिंबाच्या फुलपाखराची अळीही अशीच दिसते. विदर्भात संत्र्याच्या रोपवाटिकांत तीच अळी पानं फस्त करते आणि शेतकरी फवारे मारतात. म्हणजे बघ माझी पंचाईत! या चौघांपैकी कोण सरकारी पाहुणे आणि कोण नुसते चोर, हे ओळखायचं कसं? आणि मारायचं तर कुणाला? मी कुणालाच मारलं नाही. तुझ्या झाडापुढे उभी राहून मी मनातल्या मनात तुझी क्षमा मागितली आणि आत गेले.

मग त्यांनी खायला सुरुवात केली. आधी वाटलं, किती खातील? पितृपक्ष लागला आणि त्यांनी जोर धरला. पान कडेपासून खायचं, मधली शीर तेवढी ठेवायची. रात्री दिवा लावून मी बघायचे. कात टाकायची नि टाकलेली कातही खाऊन टाकायची, काही वाया घालवायचं नाही. आणि एके दिवशी ती शीट गेली नि तिच्या जागी करंगळीएवढी हिरवीगार गुबगुबीत अळी. पुढच्या फुगीर भागावर दोन डोळे, खोटे. खरं डोकं खाली, इवलंसं. बघणाऱ्याला वाटावं छोटा साप पानावर मान उचलून बसलाय. लहानपणी घाण म्हणून जगायचं, मोठेपणी साप म्हणून. आपल्या ओळखीतले काही लोक आठवले, नावं लिहीत नाही.

तोवर चाराच्या तीन झाल्या होत्या. चौथी कुठे गेली कळलं नाही. बहुधा आमच्या पडवीतल्या त्या दयाळाने नेली. तो सोंगाला फसत नाही. झाडाची पानं संपत आली तेव्हा मी डोंगराकडच्या वाटेवरून माकडलिंबाचा पाला आणून दिला. जंगलात नीलवंताचं घर तेच, माकडलिंबू नि किरमिरा; तोरंजन आणि लिंबू ही आपण पुढे केलेली सोय. दोघींनी तो खाल्ला. तिसरीने तोंड फिरवलं आणि तुझ्याच झाडावर परत चढली. तुझं झाड गोड असणार.

नवरात्र बसायच्या सुमाराला तिन्ही स्थिरावल्या. एक कुंडीच्या काठीवर, एक तुमच्या न्हाणीच्या दाराच्या चौकटीवर, एक झाडाच्याच खोडाला. शेपटाकडून रेशमाने चिकटायचं आणि कमरेभोवती एक धागा, माडावर चढणारा माणूस दोराला रेलतो ना, तसं मागे रेलायचं. मग कातडी उतरते आणि आत कोष. हिरव्या काठीवरचा हिरवा, चौकटीवरचा तपकिरी. कोण सांगतं त्यांना जागेचा रंग? तुमच्या घराची चौकट तेल लावायची राहिली होती, ती तशीच ठेवली. ह्यांनी ब्रश आणला होता, मी तो लपवला.

पुढचं थोडक्यात. खोडावरच्या कोषातून फुलपाखरू आलंच नाही. एके सकाळी त्याला टाचणीने टोचल्यासारखं भोक होतं आणि त्यातून मुंगीपेक्षाही बारीक गांधिलमाश्या निघत होत्या, एकामागून एक, मोजता मोजता थकले. त्यांच्या आईने आत अंडी घातली होती, आणि आतलं सगळं त्यांनीच खाल्लं. मला वाईट वाटलं, पण राग कुणाचा धरायचा, तुझ्या झाडाच्या बाजूने बघितलं तर त्या गांधिलमाशीने उपकारच केले. काठीवरच्या कोषातून निघालं ते काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं, आपलं नेहमीचं लिंबाचं फुलपाखरू. चोर निघाला! पण दिसायला इतका देखणा की म्हटलं जा बाबा.

राहिला चौकटीवरचा. कोजागिरीच्या आदल्या दिवशी तो कोष काळवंडला. मेला असं वाटलं. भाचा म्हणाला, आतले पंख दिसतायत, उद्या लवकर ऊठ. पहाटे पाचला उठून मी तुमच्या न्हाणीच्या दारात पाट टाकून बसले. साडेसात वाजले तरी काही नाही. चहा करायला घरी गेले, पाच मिनिटं, फार तर सात, आणि परत येते तो कोष फाटलेला आणि खाली लटकलेलं एक चुरगळलेलं ओलं काहीतरी. पिळून दोरीवर टाकायचं राहिलेल्या चोळीसारखं. पोट मोठं, पंख बोटभर. मला वाटलं अपंग निघालं. पण ते पंखांत पोटातलं पाणी भरत होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चोळी उलगडत गेली, आधी काळी, मग खाली कडेने तो निळा, नीळ जास्त झालेल्या सदऱ्याचा. जरा फिकाच होता, राखाडी. मादी. म्हणजे खरीखुरी राणी, तुमच्या न्हाणीच्या चौकटीवर, साबणाच्या वडीच्या वर.

दोनेक तास ती तशीच लटकून होती. ह्यांना आंघोळीला पाठवलं आमच्याकडे, तुमच्या दारातून कुणाला जाऊ दिलं नाही. मग तिने एकदा पंख उघडले, मिटले, चौकटीवर तांबडट पाण्याचा एक थेंब टाकला (तो डाग तसाच आहे, येशील तेव्हा बघ) आणि गडग्यावरून निघून गेली. पहिल्याच उडण्यात कुठेही न अडखळता. फोटो काढायचं लक्षातच आलं नाही.

म्हणजे तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. फोटोत जे आहे त्यानेच तोरंजन खाल्लं. कदाचित त्याच दिवशी, तू गडग्याला पोट टेकून उभी होतीस तेव्हा, पाठीमागे एखादी मादी कुंडीपाशी पुढच्या पायांनी पान टकटक करून चव घेत असेल. पायाने चव घेतात त्या. पसंत पडलं की एकच अंडं, पानावर, आणि पुढचं पान. तुझ्या पातेल्यातल्या उसळीला त्या दिवशी तळाशी लागलं होतं, तेही याच्याचमुळे, हे आता लिहून टाकते.

झाड जिवंत आहे. शेणखत घातलंय. वरच्या टोकाला नवी पालवी फुटली आहे, मोजून सात पानं. खोटं बोलत नाही, हवं तर भाच्याकडून फोटो पाठवते. मात्र काल संध्याकाळी बघितलं तर तिसऱ्या पानावर वरच्या बाजूला मोहरीपेक्षा थोडा मोठा, हिरवट मणी दिसला. तो काढू की ठेवू, हे तू सांग. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतील आणि मणी चार-पाच दिवसांत फुटेल, हे मला कळतं. पण विचारलं नाहीस असं तू नंतर म्हणायला नको.

तुझी,
रेंज गेलेली